पैसा किड्याच्या मिथेनपायी पाचट पेटवू नका

पाऊस लागला की कोल्हापुरात भिंतीच्या कडेला, कुंडीखाली, उसाच्या सरीत पैसा किडे दिसायला लागतात. कुणी त्यांना वाणी म्हणतं, पुस्तकात मिलिपीड. सध्या त्यांच्याबद्दल एक मेसेज सोसायटीच्या आणि ऊसवाल्यांच्या ग्रुपवर फिरतोय. त्याचं म्हणणं असं: या किड्याच्या पोटात गाई-म्हशींसारखेच मिथेन (हवा तापवणारा एक वायू) करणारे जंतू असतात, हात लावल्यावर येणारा उग्र वास त्याच गॅसचा असतो, तापमानवाढीत त्याचा मोठा हात आहे आणि शास्त्रज्ञांना हे आत्ता कुठे कळलंय. म्हणून दिसेल तिथे मारा, आणि शेतातलं पाचट, परड्यातला पाला पेटवून त्याचा थाराच मोडा.

यात एक गोष्ट खरी आहे. बाकीचं सगळं तिच्या आधाराने रेटलंय. आणि शेवटचा सल्ला ऐकून कुणी काडी लावली तर नुकसान आपल्याच रानाचं होणार आहे, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

पोटात मिथेन करणारे जंतू असतात. हो, असतात. पण हे आत्ता कळलेलं नाही. नेदरलँड्समधल्या हाकस्टाइन आणि स्टुम या संशोधकांनी १९९४ साली शंभराहून जास्त प्रकारचे किडे आणि त्यांचे भाऊबंद तपासून हे छापलं होतं. उष्ण प्रदेशातले जवळजवळ सगळे पैसा किडे, झुरळं, वाळवी आणि आपल्या हुमणीच्या कुळातले भुंगेरे यांच्या आतड्याच्या मागच्या भागात हे जीव सापडले. उरलेल्या ६६ प्रजातींत सापडले नाहीत. म्हणजे पैसा किड्यावर ठपका ठेवायचा तर तो घरातल्या झुरळावरही ठेवावा लागेल.

या जीवांना आपण सवयीने जंतू म्हणतो, पण ते बॅक्टेरिया नव्हेत. त्यांचा गट आर्किया, आणि तो वेगळा आहे हे कार्ल वूज आणि जॉर्ज फॉक्स यांनी १९७७ साली दाखवलं. प्राणवायू यांना सोसत नाही. पानातला तंतू फोडायचं कामही ते करत नाहीत, ते दुसरे सूक्ष्मजीव करतात. त्या कामात जो हायड्रोजन सुटतो तो कार्बन डायऑक्साइडशी जोडून हे मिथेन करतात. गोबरगॅसच्या टाकीत, भाताच्या चिखलात, रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटात याच गटातले जीव राबत असतात.

उग्र वास मिथेनचा असतो. साफ चूक. मिथेनला वास नसतो. सिलिंडरच्या गॅसलाही स्वतःचा वास नसतो, गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम वासाचं रसायन घालतात. पैसा किडा बोटाने डिवचून बघा. आधी तो गोल वेटोळं करतो, मग अंगाच्या दोन्ही बाजूंना असलेल्या बारीक छिद्रांतून पिवळसर-तपकिरी थेंब येतात. बऱ्याच जातींत ती बेंझोक्विनोनसारखी रसायनं असतात. बोटाला लागली तर डाग पडतो आणि साबणाने धुतला तरी लगेच जात नाही. काही चपट्या जाती हायड्रोजन सायनाइडही सोडतात, त्यांना कडू बदामासारखा वास येतो. हे मुंग्यांपासून, पाखरांपासून बचावाचं हत्यार आहे आणि ते कातडीतल्या ग्रंथींत तयार होतं. आतड्याचा त्याच्याशी काही संबंध नाही.

त्याचं पोट गाई-म्हशीसारखं चालतं. हा मुद्दा वरवर पटणारा आहे, आणि बरीच वर्षं अभ्यासकांचाही तसाच अंदाज होता: पाला खाणारा प्राणी, आत सूक्ष्मजीव, म्हणजे आंबवणीवरच जगत असणार. म्हशीचं खरोखर तसं असतं. तिच्या पोटातले सूक्ष्मजीव काढून घेतले तर वैरण समोर असूनही तिची उपासमार होईल.

पैसा किड्यावर हे चेक प्रजासत्ताकातल्या संशोधकांनी थेट तपासलं. एपिबोलस पुल्क्रिपेस हा पूर्व आफ्रिकेतला, मिथेन सोडणारा, आणि ग्लोमेरिस कोनेक्सा हा युरोपातला, मिथेन न सोडणारा, असे दोन किडे घेतले. काहींना निर्जंतुक केलेला पाला दिला, काहींना प्रतिजैविक मिसळलेला. पोटातले सूक्ष्मजीव घटले, लेंड्याही कमी पडू लागल्या, पण किड्यांच्या वजनावर आणि जगण्यावर फारसा परिणाम झाला नाही. मग आर्कियांची मिथेन करण्याची शेवटची पायरी अडवणारं रसायन आफ्रिकी किड्याला दिलं. मिथेन पूर्ण थांबलं. नेहमीचा पाला परत सुरू केल्यावर मिथेनही परत सुरू झालं.

याचा अर्थ मिथेन करणारे हे जीव त्याच्या पोटातले भाडेकरू आहेत. ते नसले म्हणून घर बंद पडत नाही. आणि युरोपातल्या किड्याला तर हे भाडेकरूच नाहीत, तरी तो पालाच खाऊन जगतो. त्यामुळे ‘प्रत्येक पैसा किडा म्हणजे छोटी गाय’ हे कुठल्याच बाजूने टिकत नाही.

तापमानवाढीत त्याचा मोठा हात आहे. इथे हिशेबच करू. किड्यांचं मिथेन मोजतात ते नॅनोमोलमध्ये, म्हणजे मोल या रसायनशास्त्रातल्या मापाच्या अब्जाव्या भागात. एक ग्रॅमचा चांगला जाडजूड किडा तासाला १०० नॅनोमोल सोडतो असं सढळ हाताने धरू. तेही वर्षभर, रात्रंदिवस, सुप्तावस्थेचे महिने धरून. तरी वर्षाचं होतं साधारण १४ मिलिग्रॅम. एका म्हशीसाठी संयुक्त राष्ट्रांच्या हवामान पॅनेलने (आयपीसीसी) २००६ साली सरसकट धरायला दिलेला आकडा होता वर्षाला ५५ किलो. एका म्हशीबरोबरीला असे ३९ लाख किडे लागतील.

शिवाय हवा खेळती असलेल्या मातीत मिथेन खाणारे बॅक्टेरियाही असतात. जगभरच्या जमिनी मिळून वर्षाला काही कोटी टन मिथेन हवेतून शोषतात. दाजीपूरच्या जंगलात पाल्याखाली किडा जे सोडतो, त्याच्या खालच्याच मातीत ते खाणारेही बसलेले असतात.

म्हणून पाचट पेटवा. आता खरा राग येण्यासारखी गोष्ट. ऊस तुटला की हेक्टरी साधारण ८ ते १० टन पाचट पडतं. ते पेटवलं की धुरातून काय जातं? शेतातल्या काडीकचऱ्यासाठी हवामान पॅनेलचाच आकडा आहे, जळालेल्या दर किलोमागे २.७ ग्रॅम मिथेन. कोरडं ८ टन पाचट धरा, त्यातलं ८० टक्के जळालं धरा. एका हेक्टरात १७ किलो मिथेन, तेही एका दुपारात. वरच्या सढळ हिशेबाने तेवढं सोडायला १२ लाख जाडजूड किड्यांना वर्षभर राबावं लागेल, म्हणजे चौरस मीटरला १२० किडे. मिथेन टाळायला म्हणून लावलेली आग स्वतःच मिथेन सोडते. सोबत काजळी, कार्बन मोनॉक्साइड, आणि हवेत उडून गेलेला नत्र, जो पुढे पोत्यातून विकत आणायचा.

तेच पाचट खोडव्याच्या सरीत ठेवलं तर ओल टिकते, तण दबतं आणि ते कुजून मातीला मिळतं. त्या कुजवण्यात पैसा किडा गांडुळासारखाच कामाचा. तो पानं कुरतडून बारीक गोळ्यांसारख्या लेंड्या टाकतो आणि त्यावर बुरशी-बॅक्टेरिया लगेच बसतात. सह्याद्रीत बोट लावताच गोळी होणारा अर्थ्रोस्फेरा नावाचा मोठा पैसा किडा आहे. मंगळूर विद्यापीठात त्याच्याकडून पाल्याचं खत करून घेण्यावर कामही झालंय.

कंपोस्टच्या खड्ड्यातल्या मिथेनची खरंच काळजी असेल तर किडे वेचत बसू नका, ढीग खालीवर करा. ओला, दाबलेला, हवा न शिरणारा ढीग एकही किडा नसताना मिथेन करतो.

पैसा किड्याची एक तक्रार मात्र खरी आहे. सोयाबीन किंवा कापूस उगवताना किडे फार झाले तर ते कोवळे कोंब कुरतडतात आणि नांगे पडतात. तिथे कृषी सहायकाला रान दाखवून उपाय करावा, त्याला माझी हरकत नाही. पण तो बंदोबस्त पिकासाठी आहे, हवामानासाठी नाही. घरात आलेला किडा चावत नाही, डंखही मारत नाही. सुपलीवर घेऊन बाहेर झाडाखाली टाका. लहान मुलांना हाताळू देऊ नका, आणि थेंब लागलेला हात धुतल्याशिवाय डोळ्यांना लावू नका, कारण डोळ्यांत गेलं तर चांगलीच आग होते.