स्लाइडवरचा गोल म्हणजे चेंडू नव्हे

ऊतींच्या गुलाबी-जांभळ्या स्लाइडचं (मायक्रोस्कोपखाली पाहायच्या, काचेवरच्या पातळ कापाचं) चित्र आणि शेजारी गरगर फिरणारं थ्रीडी मॉडेल, अशी क्लिप बरीच फॉरवर्ड होते. सोबतचा मजकूर थोडक्यात असा : "स्लाइड म्हणजे ऊतीचा जसाच्या तसा फोटो. त्यात दिसतो तोच पेशींचा खरा आकार. असे फोटो एकावर एक रचले की कॉम्प्युटर अवयव हुबेहूब उभा करतो. त्यामुळे स्लाइड वाचायला शिकण्याचे दिवस संपले." यातली पहिली दोन वाक्यं चुकीची आहेत, तिसरं अर्धं खरं आहे आणि चौथं या तिघांच्या भरवशावर मारलेली उडी आहे.

आधी "जसाच्या तसा". स्लाइडवर पोचेपर्यंत ऊतीचं काय काय होतं ते पाहा. तुकडा फॉर्मालिनमध्ये मुरवतात, चढत्या तीव्रतेच्या अल्कोहोलमधून फिरवून त्यातलं पाणी काढतात, मग झायलीन, मग वितळलेलं पॅराफिन मेण. मेणाच्या ब्लॉकमधून मायक्रोटोम या धारदार पात्याच्या यंत्रावर साधारण ३ ते ५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचे काप निघतात. ते कोमट पाण्यावर तरंगवून काचेवर उचलायचे आणि मग रंगवायचे. या प्रवासात ऊती आकसते. झायलीन चरबी विरघळवून टाकतं, म्हणून चरबीच्या पेशी स्लाइडवर पांढऱ्या पोकळ्यांसारख्या दिसतात. जिवंतपणी त्या काठोकाठ भरलेल्या असतात. रंग तर मूळचे नाहीतच. न रंगवलेला काप जवळजवळ पारदर्शक असतो. लॉगवुड झाडाच्या गाभ्यातून मिळणारं हिमॅटॉक्सिलिन केंद्रकांना निळं-जांभळं करतं आणि इओसिन बाकीच्या बऱ्याच भागाला गुलाबी. याला फोटो म्हणायचं तर म्हणा, पण तो बराच मेकअप करून काढलेला आहे.

दुसरं वाक्य जास्त घातक आहे, कारण ते पटकन पटतं. यकृताची पेशी २० ते ३० मायक्रॉनची आणि काप ४ मायक्रॉनचा. म्हणजे आपल्यासमोर पेशीचा साधारण पाचवा ते सातवा हिस्सा असतो. त्यात केंद्रक दिसलं नाही तर पेशीला केंद्रक नाही असं होत नाही. पातं त्याच्या वरून किंवा खालून गेलं, इतकंच. केंद्रक दिसलं तरी त्याचा आकार लगेच खरा मानायचा नाही. अगदी एकसारखे गोळे घेऊन त्यांच्यातून आरपार काप घेतला, तरी वर्तुळं लहान-मोठी दिसतात, कारण काही गोळे मधोमध कापले जातात आणि काही कडेला. दिसणाऱ्या वर्तुळांवरून गोळ्यांचे खरे आकार कसे काढायचे, हा प्रश्न स्वीडनचे संख्याशास्त्रज्ञ विकसेल यांनी १९२५ मध्ये गणिताने मांडला. पॅथॉलॉजीत (ऊती तपासून रोग ओळखण्याच्या शास्त्रात) केंद्रकांच्या आकारातली तफावत हे कर्करोगाचं एक लक्षण मानतात. त्यामुळे त्या तफावतीतली किती पेशींची आणि किती पात्याची, हे पाहणाऱ्याला कळायलाच हवं.

आकारमानानंतर आता घडणीकडे येऊ. स्लाइडवरचा गोल हा चेंडूचा काप असू शकतो, नळीचा असू शकतो किंवा वर आलेल्या एखाद्या उंचवट्याच्या टोकाचा. वृषणाच्या स्लाइडवर शेकडो सुटी कडी दिसतात. ती मुळात लांबच लांब, वेटोळ्या घातलेल्या शुक्रजनक नलिका असतात. पातं एकाच नलिकेला पुन्हा पुन्हा छेदत जातं. रेघेचंही तसंच. यकृताच्या स्लाइडवर पेशींच्या रांगा मधल्या शिरेकडे जाताना दिसतात, म्हणून पाठ्यपुस्तकांत कित्येक वर्षं "यकृतपेशींच्या दोऱ्या" असं छापलं जात होतं. शरीररचनाशास्त्रज्ञ हान्स एलियास यांनी १९४९ मध्ये ते मोडीत काढलं. त्यांच्या युक्तिवादाचा गाभा समजायला भूमिती पुरते. खरंच दोऱ्या असत्या, तर वाटेल त्या दिशेने घेतलेल्या कापात बहुतेक दोऱ्या आडव्या नाहीतर तिरक्या तुटल्या असत्या आणि स्लाइडभर सुटे ठिपके आणि लंबगोल दिसले असते. लांब रेघ दिसायला पातं नेमकं दोरीच्या लांबीतून जायला हवं, आणि तेही प्रत्येक दोरीच्या बाबतीत. इथे तर ब्लॉक कसाही फिरवा, रेघाच दिसतात. कुठूनही कापलं तरी रेघ देणारी गोष्ट एकच : पत्रा. यकृतपेशी एक पेशी जाडीच्या, एकमेकींना जोडलेल्या भिंतींत रचलेल्या असतात आणि त्या भिंतींच्या मधून रक्त वाहतं. हेच एलियास पुढे स्टिरिऑलॉजीच्या आंतरराष्ट्रीय संस्थेचे संस्थापक झाले (१९६१). सपाट कापांवरून घन वस्तूची मापं काढण्याचं हे शास्त्र. ते नसतं, तर क्लिपमधली मॉडेलं दिसायला सुंदर झाली असती, पण त्यातले आकडे चुकले असते.

मोजणीतही हाच घोळ होतो. एका कापातली केंद्रकं मोजली तर मोठी केंद्रकं जास्त मोजली जातात, कारण पात्याच्या वाटेत सापडण्याची त्यांची शक्यता जास्त. यावर १९८४ मध्ये सुचवलेला उपाय मला या सगळ्या विषयातला सर्वांत देखणा वाटतो. लगतचे दोन काप घ्या आणि एकात आहेत पण दुसऱ्यात नाहीत एवढीच केंद्रकं मोजा. केंद्रक लहान असो वा मोठं, ते संपतं एकदाच, म्हणून आकाराचा पक्षपात उरत नाही. या पद्धतीला डायसेक्टर म्हणतात.

तिसरं वाक्य : एकावर एक रचलं की झालं. कल्पना जुनी आहे. जर्मन भ्रूणशास्त्रज्ञ गुस्टाव बॉर्न यांनी १८८३ मध्येच प्रत्येक कापाची बाह्यरेषा मेणाच्या पत्र्यावर कापून, ते पत्रे रचून भ्रूणाच्या अवयवांची मॉडेलं करण्याची पद्धत मांडली होती. अडचण रचण्यात नाही, जुळवण्यात आहे. १ सेंटिमीटर ऊतीचे ४ मायक्रॉनने काप केले तर २,५०० होतात. त्यातला प्रत्येक काप पाण्यावर वेगळा ताणला जातो, कुठे सुरकुततो, कुठे फाटतो, काचेवर थोडा फिरून बसतो. प्रत्येक काप फक्त शेजारच्या कापाशी जुळवत गेलं, तर वाकलेलं केळं सरळ होऊन बाहेर येतं! शेजारच्या दोन चकत्या एकमेकींवर चपखल बसवणं एवढंच कॉम्प्युटरला ठाऊक असतं. मूळ वाक त्याला कुणीतरी सांगावा लागतो. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बिगब्रेन प्रकल्पात एका मानवी मेंदूचे २० मायक्रॉन जाडीचे ७,४०४ काप रंगवून, स्कॅन करून जोडले. पण कापण्याआधी त्या मेंदूचा एमआरआय काढून ठेवला होता, आणि मूळ आकार त्यावरून लावला गेला. शिवाय फाटलेल्या, दुमडलेल्या जागांची डागडुजी करावी लागली ती वेगळीच.

दुसरी गोष्ट क्लिपमध्ये कधीच दिसत नाही. कापाच्या पृष्ठभागावर स्कॅनर अर्ध्या मायक्रॉनपर्यंतचे तपशील सहज टिपतो, पण खोलीच्या दिशेने पायरी ४ मायक्रॉनची, आणि खर्च वाचवायला दर तिसराच काप रंगवला तर १२ मायक्रॉनची. मधली जागा गणिताने भरलेली असते. मॉडेल गुळगुळीत फिरतं तेव्हा त्यातला बराच गुळगुळीतपणा हा अंदाज असतो. याचा अर्थ ही मॉडेलं कुचकामी आहेत असा नाही. प्रोस्टेटमधल्या, एका कापात सुट्या वाटणाऱ्या ग्रंथी आत एकमेकींना जोडलेल्या असू शकतात, हे सलग काप जोडल्याशिवाय दिसत नाही.

राहिलं चौथं. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या गटाने स्वादुपिंडाच्या सलग रंगवलेल्या कापांवरून थ्रीडी नकाशे करणारी कोडा ही पद्धत प्रसिद्ध केली. त्यातलं संगणकीय जाळं (उदाहरणांवरून शिकणारा प्रोग्रॅम) नलिका, चरबी, कर्करोग हे वेगवेगळं ओळखतं, पण त्याआधी माणसांनी स्लाइडवर हाताने सीमारेषा आखून त्याला ते शिकवलं. ज्याला तिरका काप ओळखता येत नाही, त्याने आखलेली रेघ मॉडेलमध्ये चुकीचीच शिरणार.

आणि तिरका काप ही रोजची डोकेदुखी आहे. आवरणाचा (अवयवाचा पृष्ठभाग झाकणाऱ्या पेशींच्या थराचा) खाली उतरलेला पदर पात्याखाली तिरका आला, की आवरणपेशींचं एक सुटं बेट खालच्या ऊतीत पडल्यासारखं दिसतं, थेट कर्करोगाने हद्द ओलांडल्यासारखं. अशा वेळी पॅथॉलॉजिस्ट थ्रीडी मॉडेल मागत नाहीत; त्याच ब्लॉकमधून आणखी खोलवरचे काप मागवतात. पुढच्या कापांत ते बेट सरकत वरच्या आवरणाला मिळालं, तर तो पात्याचा खेळ होता. सगळ्या कापांत ते सुटंच राहिलं आणि भोवतालच्या ऊतीचीही प्रतिक्रिया दिसली, तर रिपोर्ट वेगळा लिहिला जातो.