लस सुरू केली, पण जखमेत सीरम दिलं का?

कुत्रा चावल्याने होणाऱ्या रेबीजवरचा लेख वाचला. पाळलेल्या कुत्र्याला दरवर्षी लस द्या, हा त्यातला मुद्दा बरोबरच आहे. मात्र चावा झाल्यावर काय करायचं ते लेखात एका ओळीत आटोपलंय, आणि जीव जातात ते तिथेच.

आधी जखम साबण लावून नळाच्या धारेखाली धुवा, घड्याळ बघून 15 मिनिटं. रेबीजच्या विषाणूचं आवरण स्निग्ध असतं, साबणाने ते विस्कटतं. मग पोव्हिडोन आयोडीन हे जंतुनाशक लावा. हळद, चुना, मिरचीपूड अजिबात नको.

रक्त आलं असेल तर नुसती लस पुरत नाही. लसीमुळे प्रतिपिंडं (विषाणूला निकामी करणारी प्रथिनं) तयार व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात; तोवर विषाणू मज्जातंतूत शिरू शकतो. म्हणून इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं सीरम, जखमेत आणि तिच्या भोवती टोचून घ्यावं लागतं: माणसाच्या रक्तापासून केलेलं असेल तर वजनाच्या किलोमागे 20 युनिट, घोड्याच्या रक्तापासूनचं असेल तर 40. पहिल्या दिवशी मिळालं नाही, तर लसीच्या पहिल्या डोसनंतर 7 दिवसांपर्यंत देता येतं. त्यामुळे दवाखान्यात स्पष्ट विचारा, गरज पडली तर दुसरीकडे जा.

त्वचेत दिल्या जाणाऱ्या लसीचे दिवस 0 (म्हणजे पहिल्या डोसचा दिवस), 3, 7, 28. स्नायूत 0, 3, 7, 14, 28. स्नायूतली लस दंडात, लहान मुलांना मांडीत. कुल्ल्यावर कधीच नाही, तिथल्या चरबीमुळे परिणाम कमी होतो. कुत्र्यावर 10 दिवस लक्ष ठेवा, पण तोवर लस थांबवू नका.

आणि हो, पिल्लाचा चावाही चावाच असतो.