खरी बातमी दिली तर जेल? कोणी सांगितलं?

आमच्या तालुक्यातल्या जवळपास प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘सावधान ग्रामस्थांनो’ असा मेसेज फिरतोय. सार एवढंच की पत्रकाराने घटना तेवढी कळवावी, गावचे प्रश्न मांडू नयेत आणि त्याला माहिती देणाऱ्यानेही तोंड बंद ठेवावं. एरवी मी असलं काही वाचत नाही. पण माझा चुलतभाऊ आमच्या पांदण रस्त्याबद्दल वार्ताहराशी बोलणार होता, रुतलेल्या बैलबंडीचा फोटोही काढून ठेवला होता. मेसेज वाचला आणि रात्री त्याचा फोन, “दादा, माह्यं नाव नोको देऊ म्हणा त्याले. पोलीस उचलतेत म्हणे.”

म्हणून मेसेजमधले मुद्दे एकेक करून घेतो, आधी तोच. ‘नव्या कायद्यात बातमी खरी असली तरी गावाच्या बदनामीसाठी पोलीस थेट उचलतात.’ साफ खोटं. नवा कायदा म्हणजे १ जुलै २०२४ पासून लागू झालेली भारतीय न्याय संहिता. तिचं कलम ३५६ काढून वाचा. बदनामी कशाला म्हणायचं हे सांगून झालं की अपवाद येतात, आणि पहिलाच अपवाद असा की लोकहितासाठी केलेलं खरं विधान बदनामी ठरत नाही. जुन्या दंड संहितेच्या कलम ४९९ मध्येही हेच होतं, त्यामुळे ‘नवा कायदा’ हा नुसता बागुलबुवा. शिवाय गुन्हा अदखलपात्र, जामीनपात्र. वॉरंटशिवाय अटक नाही, ज्याला लागलं त्याने स्वतः कोर्टात तक्रार करायची. आता पांदण चिखलात आहे हे खरं की खोटं? चला वावरात, दाखवतो. लोकहित आहे का? खताचं पोतं डोक्यावर घेऊन त्या चिखलातून जाणाऱ्या बाईला विचारा.

‘बातमीआधी ग्रामपंचायतीची लेखी परवानगी लागते.’ कुठल्याच कायद्यात नाही. पुढे.

‘प्रश्न मांडणं म्हणजे राजकारण.’ २०१७ चा खरीप विसरले का? यवतमाळ जिल्ह्यात कापसाची पऱ्हाटी डोक्याएवढी वाढलेली, कीटकनाशकाचा फवारा थेट तोंडावर. विषबाधेने २० हून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात पडले. ‘घटना तेवढी’ छापायची तर आतल्या पानावर चार ओळी, ‘फवारताना मजुराचा मृत्यू’, दुसऱ्या दिवशी आणखी चार. पण औषध कोणतं, कोणी विकलं, हातमोजे-मास्क का नव्हते, हे विचारलं गेलं तेव्हा त्या सुट्या मरणांचा प्रश्न झाला आणि सरकारला विशेष तपास पथक नेमावं लागलं. याला राजकारण म्हणायचं तर खुशाल म्हणा.

‘पत्रकार जाहिरातीसाठी लिहितात.’ हे मात्र अगदीच खोटं म्हणवत नाही. तालुक्याच्या वार्ताहराला मानधन नावापुरतं, वर्धापनदिनाच्या जाहिराती त्यानेच गोळा करायच्या, आणि देणारा कोण तर सरपंच नाहीतर ठेकेदार. पांदणीची बातमी मग बरोबर दबते. चॅनेलचा बूम, म्हणजे माईक, घेऊन पैसे उकळत फिरणारेही आहेतच. पण मेसेजवाल्याचा राग त्या दबणाऱ्यांवर कुठंय? न दबणाऱ्यावर आहे.

राहिलं ‘बातमीने काही होत नाही’. २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले, आत्महत्याग्रस्त सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. त्यातलं शेतकऱ्याच्या हाती किती लागलं यावर भांडा, मीही भांडीन. पण त्याआधी आत्महत्या झालेली ती घरं एकेक करून कागदावर कोणी आणली होती, तेवढं मेसेजवाल्याने सांगावं.