दुष्काळ उत्तरेत, जहाजं दक्षिणेत

वादाला तोंड फोडलं शिरीषने. "चिनी माणूस जगभर पोचला तो भुकेपायी. माणसं बेसुमार, जमीन तेवढीच. १७०० च्या सुमारास साधारण १५ कोटी होते, १८५० पर्यंत ४० कोटींच्या वर गेले. मग काय करतील?"

मेधाने तिथेच अडवलं. "मग १८७६ ते ७९ चा दुष्काळ कुठे बसवशील? शान्शी, हनान, सगळा उत्तरेचा पट्टा. ९० लाख ते १.३ कोटी माणसं मेली असा अंदाज आहे. त्यातली कॅलिफोर्नियाला कितीशी गेली? त्याच वर्षांत सॅन फ्रान्सिस्कोच्या धक्क्यावर उतरत होता तो दक्षिणेतला ग्वांगडोंगचा माणूस. तोही अख्ख्या ग्वांगडोंगचा नाही, बहुतेक पर्ल नदीच्या मुखाजवळच्या मूठभर तालुक्यांतला. त्यातही ताईशान, कायफिंग, एनफिंग आणि शिन्हुई हे चार पुढे."

"तिथे काय सुबत्ता होती?"

"नव्हतीच. सरकारविरुद्धचं ताइपिंग बंड, वर १८५५ पासून दहा-बारा वर्षं स्थानिक पुन्ती आणि बाहेरून येऊन वसलेले हक्का यांच्या कत्तली. पण हाल इतर प्रांतांतही होते. इथे हाकेवर हाँगकाँग होतं. अफूच्या युद्धानंतर १८४२ ला ते इंग्रजांकडे गेलं आणि १८४८ ला कॅलिफोर्नियात सोनं सापडलं."

"त्या १८४२ मागे आपल्या मुंबई बंदरातून गेलेली माळव्याची अफूही होती बरं का," नाना मध्येच म्हणाले. नानांची हयात बोटकंपनीत गेली, त्यामुळे त्यांचं लक्ष पहिलं तिकिटाकडे. "भाडं ४०-५० डॉलर. शेतमजुराने आणायचे कुठून? दलाल किंवा व्यापारी तिकीट उधार काढून द्यायचा आणि पोचल्यावर पगारातून व्याजासकट वळते करायचा. ज्याच्याकडे काहीच नाही त्याला उधार कोण देणार? मागे घरदार, भाऊबंद असले की दलालाला वसुलीची खात्री."

"आणि माणूस तिकडेच पळून गेला तर?"

"परत यायचं म्हटलं की सापडायचा. सॅन फ्रान्सिस्कोत या तालुक्यांची मंडळं होती, सगळी मिळून 'सहा कंपन्या' म्हणून ओळखली जात. देणी फेडल्याचा दाखला त्यांच्याकडून आणल्याशिवाय बोटकंपनी परतीचं तिकीट द्यायची नाही. अमेरिकन कोर्टाची गरजच नाही."

शिरीष इतक्यात हटणारा नव्हता. "तुम्ही सगळं उधारीत बसवताय. क्यूबा घ्या. १८४७ ते १८७४, सव्वा लाखाच्या आसपास चिनी तिथल्या उसात उतरवले. तिथे कुठलं मंडळ आणि कुठला भाऊबंद? करार ८ वर्षांचा, महिना ४ पेसो. १८६० च्या नियमाने करार संपला की नवा करा, नाहीतर स्वखर्चाने बेट सोडा. खर्चाला पैसे कुणाकडे होते? म्हणजे पुन्हा उसात. १८७४ ला चिनी सरकारचं चौकशी पथक तिथे गेलं, १,१७६ जबान्या घेतल्या. दहातले आठ-नऊ म्हणाले, फसवून नाहीतर उचलून आणलं."

"हे बरोबर," मेधा म्हणाली, "म्हणून क्यूबा आणि पेरू एका खात्यात घालूच नकोस. तिथे माणूस गेला नाही, नेला. पोर्तुगीजांच्या ताब्यातलं मकावचं बंदर त्या धंद्याला १८७४ मध्ये बंद झालं आणि धंदा आटोपला. भूक काय त्या वर्षी मिटली होती?"

"आणि त्याआधीची शतकं?" नानांनी विचारलं. "मनिला, जावा तर कितीतरी जुनं."

इथे मेधा सुटलीच. चीनच्या मिंग राजघराण्याच्या दरबाराने १३७१ मध्ये खासगी समुद्रव्यापारावर बंदी घातली. आग्नेयेकडच्या फुजियान प्रांताचा किनारा डोंगराळ, शेती तुटपुंजी, लोक चोरून जातच होते. १५६७ ला तिथल्या युएगांग बंदरातून परवाना मिळू लागला, १५७१ ला स्पॅनिशांनी मनिलात ठाण मांडलं आणि मेक्सिकोहून चांदी येऊ लागली. चीनमध्ये कर चांदीत भरायचे, त्यामुळे चांदीला मागणी भरमसाट. १६०३ मध्ये मनिलात २० हजारांच्या आसपास चिनी मारले गेले, तरी काही वर्षांत फुजियानी व्यापारी पुन्हा हजर. मिंगनंतरच्या छिंग राजवटीत तर परवानगीशिवाय देश सोडणं गुन्हा होता. कागदोपत्री ती बंदी पुरती उठली १८९३ मध्ये. परतलो तर पकडतील, या धाकाने कित्येक जण तिकडेच संसार थाटून राहिले.

"म्हणजे कायद्याने माणूस थांबत नाही," शिरीष म्हणाला.

"थांबत नाही, पण वेगळ्या दाराने शिरतो. अमेरिकेने १८८२ ला चिनी मजुरांना बंदी केली. १९०६ च्या भूकंपानंतर लागलेल्या आगीत सॅन फ्रान्सिस्कोचे जन्माचे दाखले जळाले. लगेच लोक पुढे आले, माझा जन्म इथलाच म्हणून. खोटं ठरवायला कागदच नाही. नागरिकाच्या मुलाला आत शिरता येई, म्हणून एकदा नागरिक ठरला की गावी चक्कर मारायची आणि परतताना सांगायचं, मुलगा झाला. दर फेरीला मुलगाच! ती जागा मग नात्यातल्या किंवा ओळखीच्या पोराला विकायची. पोराला एक वही मिळे: घराला पायऱ्या किती, तांदळाचा रांजण कुठल्या कोपऱ्यात, दुसऱ्या ओळीत तिसऱ्या घरात कोण राहतं. पाठ करायची आणि किनारा दिसायच्या आत समुद्रात फेकायची. १९१० पासून सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीतल्या एंजल बेटावर तपासणी सुरू झाली. बाप आणि पोराला वेगवेगळं बसवून तेच प्रश्न. विहीर घराच्या कुठल्या बाजूला, यावर दोघांची उत्तरं जुळली नाहीत की पोरगं परतीच्या बोटीत."

(ताईशान वगैरे त्याच चार तालुक्यांच्या माणसांनी १९१९ मध्ये उभारलेलं सी यप, म्हणजे 'चार तालुके', मंदिर माझगावला आहे. डॉकयार्ड रोड स्टेशनवरून चालत जाता येतं, मुंबईकरांपैकी फार थोडे गेलेत.)

शिरीषने मग हुकमी पान टाकलं: शान्डोंग. "पहिल्या महायुद्धात फ्रान्सला सुमारे १ लाख ४० हजार चिनी मजूर गेले, बहुतेक शान्डोंगचे. उत्तरेतले! तिथे कुठली मंडळं?"

"तेच तर म्हणतेय, नुसती भूक पुरत नाही, न्यायला कुणीतरी लागतं. इंग्रजांनी शान्डोंगच्याच वेइहाइवेइ बंदरात भरती उघडली. रोजचा १ फ्रँक मजुराच्या हातात, महिना १० चिनी डॉलर घरी पोच. भरतीवाला दारात आला तशी माणसं निघाली. त्याआधी तीच माणसं भुकेपोटी जमिनीच्या वाटेने चीनच्या ईशान्येला मांचुरियात जात होती."

नानांना आजचं ऐकायचं होतं. १९८५ च्या कायद्याने चीनमधून बाहेर पडणं सोपं झालं, आणि फुजियानमधल्या चांग-ले आणि फुछिंग या गावांच्या भागातून न्यूयॉर्कला रांग लागली. दलाल बदलले, भाव बदलला. १९९३ मध्ये 'गोल्डन व्हेंचर' जहाज न्यूयॉर्कजवळ वाळूत रुतलं. आत २८६ माणसं, १० मेली. दर माणशी ३० हजार डॉलरच्या आसपास, थोडे आधी, उरलेले पोचल्यावर.

"आणि २०२३?" शिरीष म्हणाला. "अमेरिकेच्या दक्षिण सीमेवर त्या आर्थिक वर्षात २४ हजारांवर चिनी पकडले गेले. ते काही एकट्या फुजियानचे नव्हते. कोविडच्या टाळेबंदीत धंदे बुडालेली माणसं होती. कुठला तालुका, कुठला दलाल?"

मेधा म्हणाली, वाटेची माहिती मोबाईलवरच्या व्हिडिओंत होती आणि चिनी पासपोर्टला इक्वाडोरमध्ये व्हिसा लागत नव्हता. तिथून कोलंबिया-पनामामधल्या डारिएनच्या जंगलातून वर. १ जुलै २०२४ ला इक्वाडोरने ती सवलत थांबवली.

"म्हणून काय लोकांची निघायची इच्छा त्या दिवशी संपली?"

संपली नसणार, हे तिलाही मान्य होतं. सीमेवरची गर्दी मात्र ओसरली.