फ्यूजला चंदेरी कागद? अहो, जरा थांबा!

‘मेकॅनिकला विसरा, बाइकचं वायरिंग स्वतःच दुरुस्त करा’ हा फॉरवर्ड याआधीही माझ्याकडे फिरत आला होता. वाचला आणि सोडून दिला. परवा भाच्याच्या बाइकची सीट उघडली, तर फ्यूजला चंदेरी कागद गुंडाळलेला. वर म्हणतो, “मामा, मेसेजमध्ये तसंच लिहिलंय!” तेव्हा आता सोडून देणं नाही.

सगळ्यात घातक मुद्दा आधी. ‘फ्यूज सारखा उडतोय? मोठा टाका, नाहीतर चंदेरी कागद गुंडाळा.’ फ्यूज बल्ब वाचवायला नसतो हो, वायर वाचवायला असतो. १० अँपिअरच्या जागी ३० चा टाकलात, तर त्याच वायरीतून तिप्पट करंट जाऊ शकतो. उष्णता वाढते करंटच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे नऊपट. वायरीची जाडी मात्र तेवढीच. कागदाचं तर विचारूच नका, तो किती अँपिअरला तुटेल याचा काही नेम नाही. आधी वायरींची कव्हरं वितळणार, मग त्या एकमेकींना चिकटणार, आणि हा सगळा खेळ पेट्रोलच्या टाकीखाली! गाडीबरोबर मिळालेलं मॅन्युअल उघडा, ठरवून दिलेल्यापेक्षा जास्त अँपिअरचा फ्यूज वापरू नका असं त्यात छापलेलं सापडेल. फॉरवर्डवाल्याने ते उघडलेलं दिसत नाही.

मग करायचं काय? उडालेला फ्यूज काढा आणि त्याच्या जागी, दोन टोकांमध्ये, हेडलाइटचा जुना १२ व्होल्टचा बल्ब जोडा. त्या फ्यूजवरचे दिवे, हॉर्न सगळं बंद ठेवा आणि चावी फिरवा. शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो. करंट बल्बच अडवून धरतो, त्यामुळे वायर जळत नाही. आता हँडल वळवा, हार्नेस (म्हणजे वायरींचा एकत्र बांधलेला जुडगा) ठिकठिकाणी हलवून बघा. जिथे हात लावल्यावर बल्ब विझतो किंवा पेटतो, तिथेच दुखणं. भाच्याच्या गाडीत हँडल डावीकडे वळवलं की बल्ब पेटायचा. हेडलाइटच्या मागे हार्नेस फ्रेमला घासून एक वायर सोलली गेली होती. स्लीव्ह चढवली, हार्नेस जरा ढिला ठेवून दुसरीकडून बांधला, संपलं काम.

‘मल्टिमीटर वाजला म्हणजे वायर चांगली.’ नाही. वायर जोडलेली आहे का हे तपासणाऱ्या या मीटरचा बीप वाजायला आतली एक तार शाबूत असली तरी पुरते, हेडलाइटला ती पुरत नाही. दिवा चालू ठेवून बॅटरीचं निगेटिव्ह आणि बल्बची अर्थिंगची पिन यांच्यातलं व्होल्टेज मोजा. जवळजवळ शून्य हवं. अर्धा-एक व्होल्ट दिसला तर अर्थिंगचा बोल्ट सोडवून खालचा रंग-गंज घासा.

‘बॅटरी उतरते म्हणजे बॅटरी गेली.’ गेलीही असेल. पण आधी इंजिन चालू करून, थोडी रेस देऊन टर्मिनलवर मोजा. साधारण साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट यायला हवेत. काटा साडेबारावरच अडला, तर चार्जिंगमध्ये घोळ आहे. नवी बॅटरीसुद्धा उतरेल.

‘कनेक्टरला स्प्रे मारा’, हे मात्र अर्धं खरं आहे, मान्य. हिरवा गंज चढलेली पिन साफ केल्यावर बऱ्याच गाड्या सुधारतात. पण तापून तपकिरी झालेली, सैल पिन स्प्रेने घट्ट होत नाही. ती बदलायचीच.

आणि ‘काम करताना चावी बंद असली की पुरे’? चावी बंद असली तरी बॅटरीचं पॉझिटिव्ह जिवंतच असतं. तिथला नट सोडवताना पाना फ्रेमला टेकला, की ठिणग्या. आधी निगेटिव्ह काढा, आणि परत जोडताना ते शेवटी लावा.