जोडीदार बदला, निवडणूक जिंका? हिशेब चुकतो तो इथे

अमेरिकेतली अध्यक्षीय निवडणूक जवळ आली की एक फॉरवर्ड केलेला मजकूर मराठी ग्रुपांवर हमखास फिरतो. सार असे: अध्यक्षाने दुसऱ्यांदा लढताना नावडता उपाध्यक्ष बदलून टाकावा. लिंकनने बदलला, जिंकला. रूझवेल्टने दोनदा बदलला, दोन्ही वेळा जिंकला. थोरल्या बुशने डॅन क्वेलला धरून ठेवले आणि हरला. बायडनने कमला हॅरिसला वेळीच बाजूला करायला हवे होते, हा त्याच मजकुराचा अलीकडचा शेपटाचा भाग.

नावे बरोबर, निकालही बरोबर, म्हणून मजकूर पटतो. एकाला दुसऱ्याचे कारण ठरवले की मात्र गडबड सुरू होते. मुद्दे एकेक घेऊ.

‘लिंकनने बदलला, म्हणून जिंकला’

उत्तर-दक्षिण यादवी युद्ध चालू असताना, जून १८६४ मध्ये, बाल्टिमोरच्या पक्षाच्या अधिवेशनात मेन राज्याच्या उपाध्यक्ष हॅनिबल हॅम्लिनचे तिकीट कापून टेनेसीच्या अँड्र्यू जॉन्सनला देण्यात आले. जॉन्सन दक्षिणेतला डेमोक्रॅट, पण संघराज्याशी एकनिष्ठ राहिलेला. युद्धाच्या बाजूचे डेमोक्रॅट ओढायला असेच नाव हवे होते. यात लिंकनचा स्वतःचा हात किती, यावर इतिहासकारांचे अजून एकमत नाही. जाहीरपणे तरी त्याने अंग काढून घेतले होते.

आता जॉन्सन तिकिटावर येऊन अडीच महिने झाल्यावरची स्थिती बघा. २३ ऑगस्टला लिंकनने एक चिठ्ठी लिहिली. आपले सरकार पुन्हा निवडून येणे जवळजवळ अशक्य दिसते, तेव्हा नवा अध्यक्ष सूत्रे घेईपर्यंत त्याच्याशी सहकार्य करून संघराज्य वाचवणे हे आपले कर्तव्य ठरेल, असा तिचा आशय. कागद घडी करून चिकटवला आणि मंत्र्यांना आतला मजकूर न दाखवता मागच्या बाजूला सह्या करायला लावल्या. नवा जोडीदार तारून नेईल असा भरवसा असलेला माणूस असे कागद लिहीत नाही.

मग दहा दिवसांनी, २ सप्टेंबरला, लिंकनचा सेनापती शर्मन याच्या फौजांनी दक्षिणेतले अटलांटा शहर घेतले. वारे फिरले. नोव्हेंबरात लिंकनला २१२ इलेक्टोरल मते (राज्यांच्या वाट्याची, अध्यक्ष ठरवणारी मते; राज्य जिंकणाऱ्याला ती सहसा सगळी मिळतात) मिळाली, विरोधी उमेदवार मॅक्लेलनला २१. याचे श्रेय जॉन्सनला देणे म्हणजे कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडण्यातला प्रकार.

‘रूझवेल्टने दोनदा बदलला’

बदलला, पण आधी आकडे पाहा. १९३६ मध्ये जॉन नान्स गार्नर हाच जोडीदार कायम ठेवून रूझवेल्टला ५२३ इलेक्टोरल मते मिळाली. १९४० मध्ये हेन्री वॉलेसला घेतले तेव्हा ४४९, आणि १९४४ मध्ये हॅरी ट्रुमनला घेतले तेव्हा ४३२. फॉरवर्डचेच तर्कशास्त्र लावायचे तर दर बदलाला मते घटली! अर्थात तेही खोटेच ठरेल. तिसऱ्या आणि चौथ्या वेळी उभे राहिलेल्या माणसाची मते घटायला उपाध्यक्षाची गरज नव्हती.

शिवाय १९४० चा बदल ही काही मोठी खेळी नव्हती. तिसऱ्या कारकिर्दीला गार्नरचा विरोध होता आणि तो स्वतःच उमेदवारीसाठी रूझवेल्टविरुद्ध उतरला होता. अशा माणसाला जोडीदार म्हणून कोण ठेवील?

‘क्वेलमुळे बुश हरला’

क्वेलची थट्टा झाली हे खरे. जून १९९२ मध्ये ट्रेंटनच्या शाळेत एका मुलाने बटाट्याचे बरोबर लिहिलेले इंग्रजी स्पेलिंग त्याने शेवटी एक जादा अक्षर जोडायला लावून चुकवले, आणि ते आयुष्यभर त्याला चिकटले. पण हाच क्वेल १९८८ मध्येही तिकिटावर होता, तेव्हाही त्याची टर उडवली जात होती, आणि बुशला ४२६ इलेक्टोरल मते मिळाली होती. चार वर्षांत क्वेल बदलला नव्हता. बदलले होते ते बाकीचे: नवा कर लावणार नाही हा शब्द बुशने १९९० मध्ये मोडला, जून १९९२ मध्ये बेकारी ७.८ टक्क्यांवर होती, आणि अपक्ष उमेदवार रॉस पेरोने जवळपास १९ टक्के मते खाल्ली. एवढ्या सगळ्याचे खापर बटाट्यावर?

जोडीदार न बदलता पुन्हा निवडून आलेल्यांची नावे मजकुरात नसतात, कारण ती यादी लांब आहे: आयझेनहॉवर, निक्सन, रेगन, क्लिंटन, धाकटा बुश, ओबामा. यातल्या आयझेनहॉवरला १९५६ मध्ये निक्सन नकोसा होता. मंत्रिपद घे, असे त्याने सुचवूनही पाहिले. निक्सन हलला नाही, आणि जोडी ४५७ विरुद्ध ७३ अशी जिंकली. ओबामाच्या माणसांनी २०११ मध्ये बायडनऐवजी हिलरी क्लिंटनला घेतले तर काय होईल याची चाचपणी करून पाहिली. फारसा फरक पडत नाही असे दिसल्यावर विषय संपला.

‘बदलणे अध्यक्षाच्या हातात असते’

हा गैरसमज आपल्याकडच्या सवयीतून येत असावा. आपल्या उपमुख्यमंत्र्याचे पद राज्यघटनेत नाही. ते पक्षांच्या वाटाघाटींतून येते आणि तसेच जाते. अमेरिकेचा उपाध्यक्ष मात्र अध्यक्षासोबत निवडून येतो आणि अध्यक्ष त्याला काढू शकत नाही. पुढच्या तिकिटावर न घेणे एवढेच शक्य, आणि तिथेही शिक्कामोर्तब पक्षाच्या अधिवेशनातले प्रतिनिधी करतात. वगळलेला उपाध्यक्ष जानेवारीपर्यंत कचेरीत बसलेलाच असतो. जुलै २०२४ मध्ये बायडन शर्यतीतून बाहेर पडला तेव्हा प्रचाराचा पैसा हॅरिसकडे सरळ गेला, कारण खाते दोघांच्या नावाने नोंदलेले होते. तिला आधीच वगळले असते तर ही सोयही गेली असती.

मजकुरात नसलेले नाव

पदावरच्या अध्यक्षाने उपाध्यक्ष बदलल्याचे सर्वांत अलीकडचे उदाहरण १९७६ चे, आणि तेच नेमके गाळलेले. जेराल्ड फोर्डचा उपाध्यक्ष नेल्सन रॉकफेलर. रिपब्लिकन पक्षाच्या उजव्या गटाला तो अतिउदारमतवादी वाटे, आणि त्या गटाचा रोनाल्ड रेगन उमेदवारीसाठी दंड थोपटून होता. नोव्हेंबर १९७५ मध्ये रॉकफेलरने पुढच्या तिकिटावरून माघार जाहीर केली. ती कोणाच्या दबावाने, हे उघड गुपित होते. कॅन्सस सिटीतल्या पक्षाच्या अधिवेशनात फोर्ड रेगनपुढे ११८७ विरुद्ध १०७० असा कसाबसा टिकला आणि त्याने बॉब डोलला घेतले. डोलने वादचर्चेत विसाव्या शतकातल्या सगळ्या युद्धांना ‘डेमोक्रॅटांची युद्धे’ म्हणून वादळ ओढवून घेतले.

निकाल डेमोक्रॅट जिमी कार्टर २९७, फोर्ड २४०. न्यूयॉर्क राज्याकडे तेव्हा ४१ इलेक्टोरल मते होती आणि तिथे फोर्ड तीन लाखांहून कमी मतांनी पडला. रॉकफेलर चार वेळा निवडून आलेला त्याच राज्याचा माजी गव्हर्नर. तो असता तर न्यूयॉर्क मिळालेच असते असे मी म्हणणार नाही. आर्थिक संकटातल्या न्यूयॉर्क शहराला मदत नाकारण्यावरून तिथे फोर्डवर राग होताच. पण बदलाने मते वाढतात म्हणणाऱ्याने या ४१ मतांचा विचार करायला हवा. फोर्डने स्वतः पुढे हा निर्णय आपल्या आयुष्यातल्या मोजक्या भित्रेपणांपैकी एक मानला.

मग जोडीदाराला महत्त्वच नाही?

आहे, आणि फार आहे, पण ते मतपेटीत दिसत नाही. लिंकनने मार्च १८६५ मध्ये दुसरी शपथ घेतली आणि दीड महिन्याच्या आत तो मारला गेला. गुलामगिरीचा कट्टर विरोधक हॅम्लिन घरी होता. व्हाइट हाउसमध्ये आला जॉन्सन. मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांसाठीच्या कायद्यांवर त्याने नकाराधिकार वापरले, १८६८ मध्ये महाभियोगातून तो एका मताने सुटला, आणि त्या वर्षांची किंमत दक्षिणेतल्या लाखो माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या मोजली.

१९४४ च्या शिकागो अधिवेशनातल्या पुढाऱ्यांना हे पुरते कळत होते. रूझवेल्टचे हृदय थकल्याचे डॉक्टरांना मार्चमध्येच दिसले होते, आणि चार वर्षे तो काढणार नाही हे जवळच्यांना दिसत होते. २० जुलैच्या रात्री सभागृहात वॉलेसच्या नावाचा गजर चालू होता. फ्लॉरिडाचा सिनेटर क्लॉड पेपर त्याचे नाव सुचवायला गर्दीतून व्यासपीठाकडे घुसत होता. तो पोचण्याआधीच अधिवेशनाच्या अध्यक्षांनी बैठक तहकूब केली. दुसऱ्या दिवशी पहिल्या फेरीत वॉलेस पुढे होता, दुसऱ्या फेरीत ट्रुमन निवडला गेला. पुढे उपाध्यक्षपदी तो फक्त ८२ दिवस होता; मग रूझवेल्ट गेला आणि तो अध्यक्ष झाला.

आणि ज्याला वगळले तो वॉलेस लोकांना नकोसा होता का? डेमोक्रॅट मतदारांच्या तेव्हाच्या गॅलप चाचणीत तो इतरांपेक्षा कितीतरी पुढे होता. ट्रुमन तळाला होता. नावडता जोडीदार बदलावा, हा फॉरवर्डचा नियम लावला असता तर हा बदल झालाच नसता.