तपशील खरे असले म्हणून बातमी निष्पक्ष ठरत नाही
"बातमीतले आकडे आणि अवतरणे खरी असतील, दोन्ही बाजूंना जागा दिलेली असेल, तर तिच्यात पक्षपात शोधू नये, तो वाचणाऱ्याच्या डोक्यात असतो," असा दावा राजकीय बातम्यांवरच्या वादात हमखास पुढे केला जातो. त्यातले तिन्ही मुद्दे तपासून पाहिले पाहिजेत.

पहिला मुद्दा खऱ्या तपशिलांचा. बेरोजगारीचा दर ४ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर गेला, तर 'बेरोजगारीच्या दरात अवघ्या एका टक्क्याचा फरक' आणि 'बेरोजगारीच्या दरात २५ टक्क्यांची उसळी' हे दोन्ही मथळे एकाच आकडेवारीतून निघतात, आणि मूळचे दोन दर बातमीतून गाळले की वाचकाला शहानिशा करायला काही उरतच नाही. शब्दरचनेचेही तसेच आहे. 'पोलिसांच्या गोळीबारात तीन आंदोलक ठार' याऐवजी 'आंदोलनाला हिंसक वळण, तिघांचा मृत्यू' असे छापले, तर दुसऱ्या मथळ्यात खोटे काही सापडणार नाही. गोळी कोणी झाडली, एवढेच त्यातून नाहीसे झालेले असते. दिशाभुलीचा हा प्रकार मला उघड खोट्यापेक्षा अधिक घातक वाटतो, कारण तथ्यपडताळणीत तो सहसा सापडत नाही.

दोन्ही बाजूंना जागा देणे हीही निष्पक्षतेची हमी नव्हे. मॅक्सवेल आणि ज्यूल्स बॉयकॉफ या संशोधकांनी अमेरिकेतील चार प्रमुख वृत्तपत्रांतल्या १९८८ ते २००२ या काळातील हवामानबदलाच्या बातम्या तपासून २००४ साली दाखवून दिले, की निम्म्याहून अधिक बातम्यांत मानवी कारणांना आणि नैसर्गिक चढउतारांना सारखेच वजन दिले होते. शास्त्रज्ञांचे मत मात्र तसे विभागलेले नव्हते.

तिसऱ्या मुद्द्यात तथ्य आहे, आणि ते मान्य केलेच पाहिजे. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातील प्रयोगात बैरूतमधील पॅलेस्टिनी निर्वासित छावण्यांतल्या १९८२ च्या हत्याकांडावरची तीच दूरचित्रवाणी वार्तांकने अरबसमर्थक आणि इस्रायलसमर्थक विद्यार्थ्यांनी पाहिली, आणि दोन्ही गटांना ती आपल्याच विरोधात झुकलेली वाटली. यावरून एवढेच सिद्ध होते, की वाचकाला काय वाटते हा पक्षपाताचा पुरावा होऊ शकत नाही; बातमीत पक्षपात नसतोच, असे त्यातून निघत नाही. म्हणून पुरावा मजकुरातच शोधावा लागतो: बातमीतल्या पक्षांच्या नावांची मनातल्या मनात अदलाबदल करावी, आणि तशा उलट प्रसंगी याच बातमीदाराने असाच मथळा, असेच क्रियापद आणि आकड्यांच्या तुलनेसाठी वर्ष निवडण्याची हीच पद्धत वापरली होती का, हे त्याच्या जुन्या बातम्या काढून ताडून पाहावे.